अण्णांच्या फियाटचा रेडिओ

कंधारला आमच्या घरासमोर फियाट येऊन उभी राहिली ते साल १९७४. मी तिसरीत होतो. गावात तेव्हा जीपगाड्या होत्या, ट्रक होते, पण घरच्या माणसांनी बसायची म्हणून असलेली गाडी बोटावर मोजण्याइतकी. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मोंढ्यात आडत होती. कापूस आणि ज्वारीचा हंगाम बरा गेला आणि अण्णा हैदराबादला जाऊन एका डॉक्टराची वापरलेली गाडी घेऊन आले. फियाट अकराशे, डिलाइट, १९६७ सालची. रंग फिका निळा, गिअर स्टिअरिंगच्या दांडीला. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली. हा कारखाना काढणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे, हे अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला आवर्जून सांगायचे. हीच गाडी पुढं पद्मिनी नावानं मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी जगभर माहीत करून दिली.

मायनं गाडीला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. आम्हा लेकरांचं लक्ष मात्र दुसरीकडंच होतं. डॅशबोर्डाच्या मधोमध रेडिओ होता. दोन बाजूंना दोन मुठी, मधे आडवी काच, काचेमागं लाल काटा. डावी मूठ आवाजाची, उजवी स्टेशन लावायची. मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह असे दोन बँड. चालू केला की काचेमागं पिवळसर दिवा लागायचा. गाडीची एरियल डाव्या मडगार्डावर होती, ती ओढून उंच करायचा मान थोरल्या भावाचा.

अण्णांनी ती गाडी गाडीसाठी घेतली की रेडिओसाठी, हा प्रश्न माय बऱ्याचदा विचारायची. अण्णांचं रेडिओवेड जुनं होतं. आमच्या आधीच्या पिढीला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळचं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात, कोर्टकचेरी उर्दूत, आणि रेडिओ म्हणजे हैदराबादचा डेक्कन रेडिओ. गावात वीज नव्हती. एका वाड्यात मोटारीच्या बॅटरीवर चालणारा व्हॉल्व्हचा मोठा सेट होता. पोलीस ॲक्शनच्या त्या चार-पाच दिवसांत अण्णा, वय तेरा-चौदा, त्या वाड्याच्या मागच्या भिंतीला कान लावून बसायचे. समोरून जायची सोय नव्हती, दिवस रझाकाराचे. निजाम शरण आल्याची बातमी त्यांनी अशी भिंतीतून ऐकली. "मला निम्मंच कळलं, उर्दू लई जड होती," असं ते सांगायचे, "पण बोलणाऱ्याचा आवाज बसलेला होता, त्यावरून समजलं." पुढं १ एप्रिल १९५० ला ते केंद्र आकाशवाणीकडं गेलं.

गाडीतल्या रेडिओचा इतिहास मी फार नंतर वाचला. अमेरिकेत १९३० साली पॉल गॅल्विन नावाच्या कारखानदारानं आपल्या मोटारीत रेडिओ बसवला आणि रेडिओवाल्यांच्या संमेलनाबाहेर गाडी उभी करून येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकवला. आत मांडायला जागा घ्यायला पैसे नव्हते. मोटार आणि व्हिक्ट्रोला जोडून त्यानं नाव ठेवलं मोटोरोला. युरोपात १९३२ ला ब्लाउपुंक्टनं पहिला सेट काढला, तर त्याची किंमत गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. हे व्हॉल्व्हचे सेट. व्हॉल्व्हला दोनशे-अडीचशे व्होल्ट पाहिजेत आणि गाडीत बॅटरी सहा नाहीतर बारा व्होल्टची. मग व्हायब्रेटर नावाची एक डबी सतत गुणगुणत तो दाब वाढवायची. ट्रान्झिस्टर आला आणि ही सगळी भानगड मिटली. आमचा सेट ट्रान्झिस्टरचाच होता.

दर बुधवारी रात्री आठला आमच्या दारात जत्रा. बिनाका गीतमाला. घरात रेडिओ नव्हता असं नाही, पण गाडीतल्या रेडिओची मजा वेगळी. गाडीचे चारी दरवाजे उघडे, आत आम्ही पाच-सहा पोरं, बाहेर ओट्यावर शेजारपाजार. श्रीलंकेहून येणारा आवाज लाटेसारखा चढायचा-उतरायचा, आणि नेमका पहिल्या पायदानाला उतरायचा. अमीन सयानींचं "बहनों और भाइयों" आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यासुद्धा म्हणून दाखवायच्या. गुरुवारी सकाळी बॅटरी बसलेली. मग दुकानाचे दोन हमाल, शेजारचा शिंपी आणि आम्ही पोरं मिळून धक्का. अण्णा आत बसून ओरडायचे, "लाव रे जोर! गाणं ऐकताना बरा जोर होता!"

सकाळी परभणी केंद्र, १३०५ किलोहर्ट्झ. बाजारभाव, शेतीचा सल्ला, बातम्या. अण्णा भाव घरातसुद्धा ऐकू शकले असते, पण ते गाडीत बसूनच ऐकायचे, काचा वर करून. आता वाटतं, दहा माणसांच्या घरात त्यांना एकट्याला बसायला तेवढीच जागा होती. आणीबाणीत रात्री बीबीसीही त्यांनी तिथंच ऐकली. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधी गेल्याचं आकाशवाणीनं संध्याकाळी सहाला सांगितलं; बीबीसीनं त्याच्या बऱ्याच आधी सांगून टाकलं होतं, आणि आमच्या अण्णांना ते ठाऊक होतं. दुकान त्यांनी साडेचारलाच बंद केलं. लोकांनी विचारलं, काय झालं? ते काही बोलले नाहीत.

निवडणुकीत गाडीला मागणी यायची. आमच्या भागात शेकापचा जोर, खटारा ही निशाणी, आणि केशवराव धोंडगे म्हणजे मन्याड खोऱ्यातला बुलंद माणूस. १९५७ ला आमदार, १९७७ ला नांदेडचे खासदार. कोणत्या पक्षाचे कार्यकर्ते यायचे ते सांगत नाही, सगळेच यायचे. टपावर भोंगा बांधायचा, मागच्या सीटवर आहुजाचा ॲम्प्लिफायर ठेवायचा आणि गाडीच्या बॅटरीवरच चालवायचा. अण्णा सगळ्यांना हात जोडून नाही म्हणायचे. "पत्र्याला खोका पडतो" हे कारण. गाडीच्या पत्र्याला भोक पाडायचं नाही, हा त्यांचा नेम होता. कॅरिअरसुद्धा बसवू दिलं नाही.

तो नेम मी मोडला.

१९८६ साली मी नांदेडला कॉलेजात होतो. तो काळ कॅसेटचा. फिलिप्सनं ही कॅसेट १९६३ लाच काढली होती, पण आपल्याकडं ती खेड्यापाड्यांत पोचली ऐंशीनंतर. एकदा आली ती मात्र पुरासारखी. तबकडी कंपनीनं मुंबईत ठरवलेलं ऐकायचं हे दिवस संपले. वीस-पंचवीस रुपयांत प्रल्हाद शिंदेंची विठ्ठलाची गाणी, भीमगीतं, कव्वाल्या, आनंद शिंदेंची लग्नात वाजणारी गाणी, तमाशाची बतावणी, खंडोबाची जागरणं. माळेगावच्या यात्रेत घोडे-गाढवांच्या बाजाराशेजारी कॅसेटची दुकानं लागायची, आणि प्रत्येक दुकानाचा भोंगा शेजारच्यापेक्षा मोठ्यानं. ज्यांची गाणी आकाशवाणीवर महिन्यात एकदा लागायची, ती आता टपरीवर दिवसभर. मराठवाड्याच्या कानाला स्वतःचा आवाज कॅसेटनं मिळवून दिला असं माझं मत आहे, आणि त्यावर मी भांडायला तयार आहे. त्यामुळं तेव्हा मी जे केलं ते निव्वळ पोरकटपणा होता असं मी म्हणणार नाही.

अण्णा तिरुपतीला गेले होते. मी गाडी नांदेडला नेली आणि एका दुकानात कॅसेट प्लेअर बसवून घेतला. जुना रेडिओ दोन मुठींचा. त्याला डॅशबोर्डात दोन गोल भोकं आणि मधे एक अरुंद खाच लागते. नवीन प्लेअर सरळ आयताकृती डबा, १८० मिलिमीटर रुंद, ५० उंच. म्हणजे दोन भोकांच्या आणि खाचेच्या मधला पत्रा काढावाच लागतो. कारागिरानं करवत लावण्याआधी विचारलं, "कापू का?" मी म्हणालो, "काप." मागच्या फळीलाही दोन गोल खड्डे पाडून घेतले, स्पीकरसाठी. प्लेअर स्वस्तातला, त्यात रेडिओ नव्हता. पैसे संपले होते, आणि रेडिओ आता ऐकतं कोण, असंही वाटलं.

अण्णा आले. गाडीत बसले. काही वेळानं खाली उतरले आणि मला एवढंच विचारलं, "जुना कुठंय?" मी डिकीतून रेडिओ काढून दिला. त्यांनी तो धोतराच्या सोग्यानं पुसला आणि आत नेला. आठ-दहा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नंतर बोलायला लागले, पण गाडीत एकटं बसणं बंद झालं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बुडवून सगळे उशिरा झोपलेले. पहाटे चारला जरा कमी असताना जमीन हलली. आमच्याकडं भांडी पडली, एक भिंत तडकली, तेवढंच. सगळं गाव रस्त्यावर. वीज गेलेली. घरात शिरायची कुणाची हिंमत नाही, आणि रेडिओ घरात. काय झालं, कुठं झालं, कुणालाच ठाऊक नाही. अण्णांची बहीण, आमची आत्या, औसा तालुक्यात दिलेली. अण्णा गाडीजवळ गेले, दार उघडून आत बसले आणि हात पुढं केला. मी खिडकीशीच उभा होतो. अंधारात त्यांचा हात डाव्या मुठीच्या जागी चाचपडला, कॅसेटच्या बटनांवर आला आणि तिथंच थांबला.

पलीकडच्या गल्लीतून कुणीतरी ट्रान्झिस्टर आणला. सकाळ वर आल्यावर किल्लारी, सास्तूर ही नावं कानावर पडली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली त्या पहाटे. आम्ही फियाट घेऊन औशाकडं निघालो. आत्या वाचली होती, माळवदाचं घर बसलं होतं, म्हैस गेली होती. रस्ताभर गाडीत आवाज नव्हता.

अण्णा २००४ ला गेले. गाडी त्याच्या आधीच गोदामात उभी होती, ताडपत्रीखाली, चार विटांवर.

२०२२ मध्ये माझा पुतण्या पुण्याहून आला. कॉम्प्युटरमधली नोकरी. त्याला ही गाडी आजोबांची म्हणून पाहिजे होती आणि, खरं सांगायचं तर, स्वतःच्या लग्नाच्या वरातीला पाहिजे होती. इंजिन, ब्रेक, रंग यात सात-आठ महिने गेले. सामान हैदराबादहून, मुंबईहून आलं. ते सगळं इथं सांगत बसत नाही. वांधा झाला तो आवाजावरून.

त्याचा बेत असा : सात इंची टचस्क्रीन, चारी दारांत स्पीकर, डिकीत सबवूफर. मी म्हणालो, "दारं कापायची न्हाईत."

"काका, डॅशबोर्ड तर तुम्हीच कापलाय की."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. मग मी हिशोबाचा आधार घेतला. या गाडीला अल्टरनेटर नाही, डायनॅमो आहे, जेमतेम दोनशे-सव्वादोनशे वॅटचा, आणि गाडी उभी असली की तोही झोपतो. दोन हेडलाइटच नव्वद-शंभर वॅट खातात. वरातीत गाडी मुंगीच्या पावलानं चालणार, त्यात पाचशे वॅटचा ॲम्प्लिफायर लावला तर नवरदेवाला उतरून धक्का मारावा लागेल. हे त्याला पटलं. वायरिंग जुनं, फ्यूज मोजके, हेही त्यानं स्वतः बघितलं.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्र सरकारनं २०२१ च्या जुलैत वेगळी नोंदणी काढली आहे, व्हीए अक्षरांची नंबरप्लेट, फी वीस हजार. त्यात चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळचं पाहिजे असं म्हटलंय. पुतण्यानं नियम वाचून दाखवला आणि म्हणाला, "यात रेडिओचा शब्द न्हाई." वकील झाला असता तर बरं चाललं असतं.

मग मी लोखंडी पेटी उघडली. रेडिओ तिथंच होता, मायच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. आणि त्याच्याखाली वर्तमानपत्राच्या कागदात पत्र्याचे तीन तुकडे. फिका निळा रंग, एका बाजूला करवतीचे दात. डॅशबोर्डातून काढलेला पत्रा. मी तो दुकानातच टाकून आलो असं समजत होतो. तो डिकीत राहिला असणार आणि अण्णांनी उचलून ठेवला असणार. छत्तीस वर्षं.

पुतण्या काही बोलला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "जुळतेत का बघू." जुळले. करवतीच्या पात्याइतकी फट सोडून.

नांदेडच्या डेंटरनं ते तुकडे पितळेच्या झाळणानं जोडले, घासले, रंग मिळवला. उजेड तिरपा पडला तर एक रेघ दिसते. ती राहू दे म्हणालो.

रेडिओ दुरुस्त करणारा माणूस शोधायला जास्त वेळ लागला. नांदेडला एक म्हातारे चाचा सापडले. दुकान आता मुलाचं, मोबाइलचं. मागच्या फळीवर चाचांचं सोल्डरिंग. त्यांनी झाकण काढून वास घेतला. "कंडेन्सर सूख गए. बाकी जान है इसमें." त्यांनी आधी सोपा मार्ग सांगितला : आतली सगळी आतडी काढायची, नवीन ब्लूटूथवाला बोर्ड घालायचा, मुठी आणि काच तशीच ठेवायची. बाहेरून जुना, आतून नवा. हल्ली परदेशातही असं करून देणारे कारागीर आहेत आणि काम बेमालूम होतं. पुतण्याला ते लगेच आवडलं. मला पेंढा भरलेल्या वाघाची आठवण झाली. चाचा दोघांकडं बघून म्हणाले, "नक्को तो नक्को. टाइम लगेगा फिर."

कंडेन्सर बदलले, आवाजाच्या मुठीतली खरखर धुऊन काढली. जर्मेनियमचा एक ट्रान्झिस्टर मेलेला होता, तो आता बनत नाही. हैदराबादला कोठीच्या गुजराती गल्लीत एका जुन्या सेटमधून काढून आणला. स्पीकरचा कागद उंदरानं खाल्लेला, त्याला नवा कोन बसवला, चुंबक जुनंच. इंजिन चालू असताना रेडिओत जो फटफट आवाज येतो तो प्लगच्या ठिणगीचा. त्यासाठी प्लगला रेझिस्टरवाल्या टोप्या आणि डायनॅमोला कंडेन्सर लावला.

पुतण्याच्या गाण्यांची सोय वेगळी केली. पुढच्या सीटखाली छोटा ॲम्प्लिफायर, चॅनलला पन्नास वॅटचा, प्लायच्या तुकड्यावर बसवून सीटच्याच बोल्टांत धरला. बॅटरीवरून थेट वायर, तिच्या तोंडाशी दहा अँपिअरचा फ्यूज, वायर रबरी मॅटखालून. स्पीकर मागच्या फळीत मी पाडलेल्या त्याच दोन खड्ड्यांत. ते बुजवू या असं मी म्हणत होतो. पुतण्या म्हणाला, "ते पण हिस्ट्रीच हाय की काका. आजोबांनी फक्त डॅशबोर्डाचा पत्रा ठेवलाय, फळीचा न्हाई." त्याचं खरं होतं. स्विच ग्लोव्हबॉक्समध्ये, मोबाइलवरून गाणी. एक अडचण निघाली : हा नवा ॲम्प्लिफायर चालू असला की मीडियम वेव्हवर नुसती शिट्टी वाजते. त्याची वीज फार वेगानं उघडझाप करते, त्याचा हा त्रास. चाचा म्हणाले, दोन्ही एकदम लावायचे नाहीत. तोच इलाज.

कॅसेट प्लेअर आम्ही टाकला नाही. डिकीत आहे, सोबत पाच कॅसेटी, त्यातल्या दोन प्रल्हाद शिंदेंच्या.

वरात झाली. पुतण्याचे मित्र पुण्याहून आले होते, त्यांनी वाजवलं ते मला कळलं नाही, पण गाडीची दारं थरथरली नाहीत एवढं बघितलं. पाहुणे गेल्यावर एका रात्री तो आणि मी जगत्तुंग समुद्राच्या बाजूला गाडी घेऊन गेलो. आमच्या या तळ्याला समुद्र म्हणतात, राष्ट्रकूटांच्या वेळेपासून. इंजिन बंद केलं. त्यानं ॲम्प्लिफायर बंद केला, एरियल ओढली आणि डावी मूठ फिरवली. पिवळा दिवा लागला.

काटा सगळीकडं फिरवला. खरखर, शिट्ट्या, मधूनच कुठंतरी ढोलकीसारखं काहीतरी. रात्री मीडियम वेव्हवर लांबची स्टेशनं लागतात, दिवसा लागत नाहीत. एका जागी माणसाचा आवाज आला, संथ, तेलुगू. जायचा आणि परत यायचा.

"कुठलं हाय हे?" पुतण्यानं विचारलं.

"हैदराबाद असंल."

"काय बोलतेत?"

"मला काय कळतंय? अण्णांना निम्मं कळलं असतं."

तो हसला. त्यानं काच वर केली. आम्ही बराच वेळ ऐकत बसलो, आणि निघताना सेल्फ मारला तर बॅटरी बसलेली. रात्री साडेदहाला, तळ्याच्या रस्त्यावर, छप्पन्न वर्षांचा मी गाडीला मागून धक्का लावत होतो आणि नवा नवरदेव आत बसून ओरडत होता, "लावा काका, जोर लावा!"